चार वाजताची नोंद

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही ही गोष्ट मनात यायला लागली की मी पटकन दुसरं काहीतरी मागून मोकळी होते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं नसतं — हेही आधीच सांगून टाकते. माझ्या धाडसाबद्दल तुमचा गैरसमज व्हायला नको.

आणखी एक. मी सांगेन ते सगळं लगेच खरं धरू नका. मी स्वतःही धरत नाही. लिहिलेल्या गोष्टीकडे संशयानं बघणं हेच माझं काम आहे, आणि ते मी नेमाने केलं — एक दिवस वगळता.

दिंडोरी रस्त्यावर द्राक्षांचं एक पॅकहाऊस आहे, तिथं मी नोकरी करते. घर म्हसरूळला. सकाळी साडेसातची कंपनीची बस. बागेतून द्राक्षं येतात तेव्हा ती गरम असतात. निवडून, छोट्या डब्यांत भरून, खोक्यांत रचून ती आधी गार करायच्या खोलीत जातात. आम्ही तिला प्री-कूलिंग म्हणतो. मोठाले पंखे थंड हवा खोक्यांतून ओढून घेतात आणि सहा-सात तासांत मण्याच्या आतला गर दोन अंशांपर्यंत येतो. मग शीतगृह, मग कंटेनर, मग परदेश. दर तासाला कुणीतरी त्या खोलीत जायचं, मण्यात सुईचा थर्मामीटर खुपसायचा, आकडा वहीत लिहायचा, वेळ टाकायची, सही करायची. दिवसपाळीला ते कुणीतरी म्हणजे मी, आणि रात्रपाळीच्या नोंदी तपासणारीही मीच.

काम सोपं वाटेल. पण त्या खोलीत गेल्यावर पाच मिनिटांत नाकाचा शेंडा बधिर होतो, म्हणून लोक आत जाण्याचा कंटाळा करतात आणि बाहेर बसून आकडे लिहितात. आम्ही त्याला आगाऊ नोंद म्हणतो. मी ती लांबून ओळखते. सलग तीन पूर्ण आकडे दिसले की खोटं. दर तासाला बरोबर तेवढंच तापमान उतरलं की खोटं. सगळ्या ओळी एकाच शाईत, एकाच झुकावाच्या अक्षरात — खोटं. घरीसुद्धा माझं असंच चालतं. सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर, विजेच्या मीटरचा आकडा दर रविवारी वहीत. नवरा म्हणतो, ‘तू घर चालवत नाहीस, घरावर धाड टाकतेस.’ तो हे हसत म्हणतो. पण किती हसत, तेही मी बघून ठेवलेलं आहे.

ज्या हंगामाबद्दल सांगते आहे त्याच्या आदल्या हंगामात मी रात्रपाळीच्या एका ऑपरेटरला आगाऊ नोंद करताना पकडलं होतं. दोन लेकरांचा बाप. हात जोडून म्हणाला, ‘ताई, एकडाव सोडा. पाय लय दुखत व्हता, बसलो जरा.’ मी सोडलं नाही. साहेबांकडे वही नेली, त्याला काढायला लावलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं — ‘जो आकडा खोटा लिहितो, तो काहीही खोटं करू शकतो.’ हे वाक्य मला अजून शब्दन् शब्द आठवतं. का आठवतं, ते पुढे कळेल.

कायद्यानं आमच्याकडे एक समिती आहे. बायकांना कामाच्या जागी कुणी त्रास दिला, अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं तर तिथं लेखी तक्रार द्यायची. तिची अध्यक्ष बाई असावी लागते आणि ती वरच्या पदावरची असावी लागते. ऑफिसात बाई मी एकटीच. म्हणून अध्यक्ष मी. सोबत डिस्पॅचचे पाटील, प्रतवारी विभागातल्या एक ताई — सांगाल तिथं सही करायच्या — आणि बाहेरच्या एका संस्थेच्या वकीलबाई. हात धुण्याच्या नळांवर समितीचा फलक आहे, त्यावर पहिलं नाव माझं. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं त्या फलकाचा फोटो मागवून घेतला होता. मैत्रिणींना दाखवायला.

इथपर्यंत सगळं सांगता येतं. पुढचं अवघड आहे — अवघड म्हणजे काय, एका शब्दाचंच तर आहे. तो शब्द बोलायला अर्धा सेकंद लागला असेल.

हिरा पेठकडच्या एका पाड्यावरची. तेव्हा पंचविशीची असेल. घरी भात आणि नागली, ती झाली की नवरा-बायको दोघंही मजुरीला खाली उतरायचे — तो नाशिकला बांधकामावर, ती आमच्याकडे. तिच्या पाड्यावरच्या सहा बायका एकाच जीपमधून यायच्या, त्यात तिचा हात सगळ्यांत जलद. मला ती आवडत नव्हती. कारण विचाराल तर — ती मोठ्यानं हसायची. मास्क हनुवटीवर आला की मी टोकायचे, तेव्हा वर ओढायची आणि डोळ्यांनी हसत राहायची. शेजारणीला म्हणायची, ‘मॅडमला सपनात बी मास्कच दिसत असतील.’ मला ऐकू येईल अशा बेतानं. हे काय कारण झालं? पण मी वहीत नसलेल्या नोंदीही डोक्यात ठेवते. तिच्या नावावर अशा तीन-चार होत्या.

द्राक्षं निवडून भरायच्या लाइनचा सुपरवायझर दळवी. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, आवाज कधी चढायचा नाही. मला ‘ताई’ म्हणायचा. मला तो आवडत होता, कारण त्याचे कागद स्वच्छ असायचे. आता वाटतं, मी माणसांना त्यांच्या कागदांवरूनच जोखत आले.

जानेवारीतला दिवस. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. पॅकहाऊसच्या मागे मालकांचा बंगला आहे, तिथं मालकीणबाईंचं हळदीकुंकू होतं. बोलावणं नाशिकच्या आणि आसपासच्या बागायतदारांच्या बायकांना, आणि ऑफिसातून मला. लाइनवरच्या दीडशे बायकांना नव्हतं. ते कुणाला खटकलंही नाही, मलाही नाही. उलट सतरा वर्षांत पहिल्यांदा मालकीणबाईंनी स्वतः फोन करून बोलावलं होतं, याचाच मला आनंद. सकाळी डब्याच्या पिशवीत घडी करून जांभळी रेशमी साडी आणली होती.

गार करायची दोन नंबरची खोली बारा वाजता भरली होती. एकची नोंद मी घेतली, दोनची घेतली. खरी, आत जाऊन. तीनच्या आधी मी टेबलाशी बसले आणि तीन, चार आणि पाचची नोंद लिहून टाकली. अकरा पूर्णांक आठ. आठ पूर्णांक नऊ. सहा पूर्णांक सहा. चारचा आकडा मुद्दाम नऊ लिहिला नाही. पूर्ण आकडा संशय आणतो, हे माझ्याहून चांगलं कुणाला माहीत? मधल्या ओळीला पेनही बदललं. मग तिन्ही सह्या केल्या, साडी नेसले आणि बंगल्यावर गेले. सव्वातीनला गेले, पाच वाजून दहा मिनिटांनी परत आले. आल्यावर घाईघाईनं आत जाऊन गर तपासला. सहा पूर्णांक चार. मी हुश्श केलं. माल ठीक होता. माझा अंदाज दोन दशांशानं चुकला, एवढंच काय ते नुकसान — असं मला वाटलं.

नऊ दिवसांनी हिराची तक्रार आली. लाइनवरच्या शिकलेल्या एका मुलीनं तिला लिहून दिली होती. खाली हिराचा अंगठा नव्हता, सही होती — एकेक अक्षर सुटं. तिचं म्हणणं असं : हळदीकुंकवाच्या दिवशी चारच्या सुमाराला दळवीनं तिला ‘दोन नंबरमधल्या खोक्यांची लेबलं चुकलीत, बदलून दे’ म्हणून आत बोलावलं, दार लावलं, आणि तिच्या अंगाला हात घातला. ती ओरडली. बाहेर कुणी ऐकलं नाही.

वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते सांगते. तारीख. दुसऱ्यांदा — वेळ. तिसऱ्यांदा मी हिराचा विचार केला. आणि तोही कसा, तर संशयानंच. त्या दिवसाच्या आठवडाभर आधी तिनं लेबलच्या टेबलावर बसायचं काम मागितलं होतं, दळवीनं दिलं नव्हतं. मग हा त्याचा राग? नऊ दिवस गप्प का बसली? लिहून देणारी मुलगी कोण, तिचं दळवीशी काही वाकडं? असे प्रश्न मी रांगेनं लावत गेले. अध्यक्षानं दोन्ही बाजू तपासायच्या असतात, असं स्वतःला सांगत. पण खरं सांगू? मला तिची बाजू तपासायची नव्हती. ती खोटी निघायला हवी होती.

दळवीचं लेखी उत्तर आलं. दोनच ओळी. ‘सदर दिवशी चार वाजता दोन नंबरच्या खोलीत सोनवणे मॅडम स्वतः तापमान घेत होत्या. कृपया नोंदवही पाहावी.’

सोनवणे मॅडम म्हणजे मी. त्याला कसं सुचलं हे? वही माझ्या टेबलावर असते, तो ती कधी उघडत नाही. मी बंगल्यावर गेले ते त्यानं पाहिलं असणार — जांभळी साडी नेसून अंगण ओलांडलं होतं मी. म्हणजे मी खोलीत नव्हते, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तर त्यानं ती वेळ निवडली, हे आता कळतं. आणि तरीही तो लिहितो की मॅडम आत होत्या? एकच अर्थ निघतो. वहीतली ओळ रिकामी असणार नाही, हे त्यानं ओळखलं होतं. आणि ती ओळ खोटी आहे असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही, हेही. ज्या ऑपरेटरला मी काढायला लावलं, त्या दिवशी दळवी माझ्या शेजारीच उभा होता.

मला त्यानं धमकी दिली नाही. भेटायलाही आला नाही. इतका त्याला माझा भरवसा होता.

चौकशी मालकांच्या मीटिंगच्या खोलीत झाली. हिरा खुर्चीवर बसेना, दोनदा सांगितल्यावर टोकावर टेकली. वकीलबाईंनी तिला बोलतं केलं. ती सलग बोलली, रडली नाही. म्हणाली, दार बंद झाल्यावर तिनं त्याला ढकललं आणि दाराकडे पळाली, पण आतली मूठ दाबून दार उघडेना. ‘खांदा लावला तवा उघाडलं.’

हे ऐकलं आणि मी हातातलं पेन खाली ठेवलं.

कारण दोन नंबरच्या दाराची आतली मूठ बिघडलेली होती. नुसती दाबून दार उघडत नाही, दाबायची आणि खालच्या अंगाला खांद्यानं धक्का द्यायचा. हे माहीत कुणाला? जो आत जाऊन दार लावून घेतो त्याला. लाइनच्या बायका खोकी दारातूनच ट्रॉलीवर देतात. त्यांच्यासाठी ते दार उघडंच असतं. दुरुस्तीचा अर्ज मीच दिला होता आणि तो तसाच पडून होता. म्हणजे त्या टेबलाभोवतीच्या माणसांत, हिरा खरं बोलते आहे हे त्या एका वाक्यावरून ओळखू शकणारी मी एकटी होते. आणि मी ओळखलं. त्या क्षणी, पूर्ण. पुढे मी जे केलं ते संशयापोटी केलं, असं मी म्हणू शकत नाही. संशय तिथं संपला होता.

पाटील म्हणाले, ‘ओरडलीस म्हणतेस, मग लाइन तर वीस फुटांवर. एकीनंही ऐकलं नाही?’

पंखे चालू असताना त्या खोलीत आपला स्वतःचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. हे मला माहीत होतं. मी बोलले नाही.

मग वही आली. वकीलबाईंनी चारची ओळ वाचली, माझी सही बघितली, आणि हिराकडे वळल्या. हिरा माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मॅडम, तुमी नव्हत्या तिथं. तुमी बंगल्यावर गेलत्या, हळदीकुकवाला. मी बाहीर आले तवा लाइनवर कुनालाच सांगता येईना, म्हनून तुमच्या टेबलाशी येऊन हुभी ऱ्हायले. लय येळ. तुमी आल्या तवा हातात वाणाची पिशवी व्हती.’

म्हणजे ती माझ्याकडे आली होती. माझी वाट बघत होती. मला आठवलं — टेबलाशी कुणीतरी उभं होतं खरं. मी ‘लाइन सोडून इथं काय करतेस, जा,’ म्हणाले होते. थर्मामीटर घेऊन पळायची घाई होती मला. चेहऱ्याकडे बघितलंही नव्हतं.

वकीलबाईंनी विचारलं, ‘सोनवणे मॅडम, ही चारची नोंद तुम्ही स्वतः आत जाऊन घेतली?’

मी ‘हो’ म्हटलं.

हाच तो शब्द. आणि तो बोलल्यावर पुढचं इतकं सोपं गेलं की आजही मला स्वतःची भीती वाटते. मी म्हणाले, ‘मी पाचची नोंद घेऊन बंगल्यावर गेले आणि साडेपाचच्या पुढे आले. हिची वेळेची गल्लत होते आहे. घड्याळ नसतं यांच्याकडे.’ शांतपणे, आकड्यांसकट. ‘यांच्याकडे’ हा शब्दही मीच वापरला.

वकीलबाईंना काहीतरी खटकलं असणार. त्या म्हणाल्या, ‘अध्यक्ष तुम्ही आणि वहीही तुमचीच, हे बरं दिसत नाही. मालकीणबाईंना एकदा विचारून घेऊ या का, तुम्ही किती वाजता आलात ते?’

विचारलं असतं तर मी तिथंच पकडले गेले असते. पण मला काही करावं लागलं नाही. पाटील म्हणाले, ‘अहो, बाईंना कशाला यात ओढायचं? आणि मॅडमच्या वहीवर परदेशी ऑडिटरनंसुद्धा कधी बोट ठेवलेलं नाही.’ प्रतवारीच्या ताईंनी मान डोलावली. वकीलबाईंनी एक क्षण माझ्याकडे बघितलं, मग कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी नंतर शोधलं. ‘अध्यक्षांचे म्हणणे नोंदवहीशी जुळते.’ जुळणारच. दोन्ही मीच केलेली.

उठताना हिरानं खुर्ची होती तशी आत सरकवली.

अहवाल मी लिहिला. ‘तक्रार सिद्ध होत नाही.’ खोटी तक्रार केली म्हणून तिच्यावर कारवाई करावी, असं पाटलांचं मत होतं. मी विरोध केला. ‘तिची नोकरी राहू द्या,’ म्हणाले, आणि ते म्हणताना मला आपण चांगल्या आहोत असं वाटलं. खरंच वाटलं हो. माणूस स्वतःला किती स्वस्तात पटवतो, बघा.

चौथ्या दिवशी हिरा आली नाही. त्या आठवड्यात तिच्या जीपमधल्या बाकीच्या पाचही बंद झाल्या. मी हजेरीपटावर सहा नावांपुढे रेघा ओढल्या. सगळ्यांत जलद हात गेला म्हणून मालक दोन दिवस कुरकुरले. मग सुरगाण्याकडची दुसरी जीप लागली.

तक्रार आल्याचं मी मुलीला बोलले होते. तिनं फोनवर विचारलं, ‘आई, ती तक्रार खरी होती का गं?’ मी म्हणाले, ‘नोंदी जुळल्या नाहीत.’ खोटं बोलले का? शब्द तपासून बघा, सापडायचं नाही. मला जमतं ते.

तेव्हापासून मला वाटतं की सगळ्यांना माहीत आहे. पंधरा दिवसांनी मालकीणबाई अंगणात भेटल्या, म्हणाल्या, ‘सोनवणेबाई, त्या दिवशी उखाणा छान घेतलात हं. चहाच्या आधी घेतलात ना?’ आणि हसल्या. चहा चारला झाला होता. त्यांनी सहज विचारलं की मला सांगून ठेवलं? उखाण्याचं कौतुक करायला चहाची आठवण कशाला लागते? मी ते वाक्य शंभरदा उलटंपालटं करून बघितलं आहे. दळवी तर काहीच बोलला नाही. एकदाच, वह्यांचा गठ्ठा कपाटात ठेवायला मदत करताना म्हणाला, ‘ताई, तुमच्या सह्यांवर आपलं सगळं चाललंय.’ चेहरा साधा. आवाज साधा. त्या दिवसापासून त्याच्या हातचा चहा मी घेत नाही, पण तो आणून ठेवायचा थांबलेला नाही. रोज माझ्या टेबलावर एक कप गार होतो.

पुढच्याच्या पुढच्या हंगामात एक मुलगी अर्ध्यातून सोडून गेली. काही न सांगता, राहिलेली मजुरीही न घेता. त्यानंतर आणखी एक. तक्रार कुणाचीच नाही. कशी येईल? कमिटीपुढे गेलं की काय होतं, हे लाइनला ठाऊक आहे. दरवर्षी मी समितीचा अहवाल भरते : आलेल्या तक्रारी — शून्य. परदेशी ऑडिटर तो आकडा बघून खूश होतात. सलग इतकी शून्यं तापमानाच्या वहीत दिसली असती, तर मी त्या माणसाला उभं करून विचारलं असतं. इथं मीच भरते, मीच पाठवते.

आता तुम्ही विचाराल, की मग आजच का? मीही विचारलं. त्याचं उत्तर मला आवडलेलं नाही. आमच्याकडे वह्या पाच वर्षं ठेवायच्या असतात. मागच्या महिन्यात त्या हंगामाच्या वह्या नियमाप्रमाणे नष्ट झाल्या. यादी मी केली, फाडताना मी उभी होते. ती ओळ आता जगात कुठंही नाही. ती नाहीशी झाल्यावरच मला बोलावंसं वाटलं — याला पश्चात्ताप म्हणायचं का? मला शंका आहे.

आणि दुसरं कारण. गेल्या पंधरवड्यात पेठ नाक्यावर हिरा दिसली.

मी रस्ता ओलांडत होते. ती बसच्या थांब्यावर उभी होती, अंगानं भरलेली, सोबत सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी. तोंड चुकवावं असं माझ्या मनात आलं, पण तिनं आधीच बघितलं होतं. ‘मॅडम, बऱ्या हात का?’ म्हणाली. बाकावरची पिशवी उचलून मला जागा केली. मी बसले. तिनं सांगितलं, मुलगी नणंदेची, दहावी झाली, काम बघतोय. द्राक्षाचं काम तिला जमेल. जीप आता पाड्यावरून परत सुरू झाली आहे.

मग तिनं बसच्या दिशेनं बघत विचारलं, ‘त्यो हाय का अजून तिथं?’

मी म्हणाले, ‘आहे. आता मॅनेजर झाला.’

ती मुलीकडे वळली. ‘मग नको. आपण दुसरीकडं बघू.’

एवढंच. तिनं मला काही विचारलं नाही. माझ्याकडून तिला आता काही नकोच होतं. मी किती वाजता कुठे होते, हे तिला तेव्हाही माहीत होतं आणि आताही आहे. बस यायला दहा मिनिटं तरी लागली असतील. मी तिच्या शेजारी बसून होते, आणि सगळी वाक्यं माझ्याजवळ तयार होती. मुलीनं मला पाणी विचारलं, मी नको म्हटलं. बस आली, हिरा ‘येते मॅडम’ म्हणाली, दोघी चढल्या.

चार वाजता मी त्या खोलीत नव्हते. हिरा खरं बोलत होती, आणि ते मला चौकशीच्या दिवशीच, त्या टेबलाशी कळलं होतं. हे मी इथं तुम्हाला लिहिलं. तिला सांगितलं नाही. वकीलबाईंना लिहून दिलं नाही. दळवी उद्या सकाळी आठला लाइनवर असेल, आणि नळांवरच्या फलकावर पहिलं नाव अजून माझंच आहे.